बळजबरीचे औषध

जगजीतसिंग डल्लेवाल यांना ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत रुग्णालयात हलवा, लागल्यास केंद्राची मदत घ्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा पंजाब सरकारला दिलेला आदेश आम्हाला पटत नाही. सत्तरीचा, कर्करोगाने पोखरलेला हा शेतकरी नेता २६ नोव्हेंबरपासून पंजाब-हरियाणाच्या खनौरी सीमेवर उपाशी होता. तो जगावा असे कोणाला वाटणार नाही? पण तो शुद्धीवर होता आणि उपचार नको म्हणत होता. शुद्धीवरच्या माणसाने नको म्हटल्यावर त्याच्या दंडात सुई खुपसणे हा उपचार नव्हे, ती बळजबरी आहे.

भोवतीचे नेतेच त्यांना जाऊ देत नाहीत, अशी शंका न्यायालयाला होती. मग डॉक्टरने त्यांना एकट्याला भेटून विचारायचे होते. जागतिक वैद्यकीय संघटनेचा माल्टा जाहीरनामा हेच सांगतो. उत्तर ‘नाही’ असेच आले तर बळाने अन्न भरवणे कधीही नैतिक ठरत नाही, असेही तो बजावतो. सज्ञान माणसाला उपचार नाकारता येतो, हे तर याच न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले आहे. रुग्णालयातल्या खाटेवर जो हक्क आहे, तो सीमेवरच्या खाटेवर का नाही?

कारण उघड आहे. उपोषणकर्त्याला नळी लावली की सरकारची बोलणी करण्यातून सुटका होते. मणिपूरमध्ये इरोम शर्मिला यांना नाकातल्या नळीने २००० पासून २०१६ पर्यंत जगवले. आत्महत्येच्या प्रयत्नाला तेव्हा शिक्षा वर्षाचीच, म्हणून दरवर्षी सुटका आणि लगेच पुन्हा अटक. सोळा वर्षे हे चालले आणि ‘अफ्स्पा’ हा सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा हटवण्याची त्यांची मागणी होती तिथेच राहिली. गंगेसाठी १११ दिवस उपोषण केलेले जी. डी. अगरवाल यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रशासनाने हरिद्वारच्या आश्रमातून उचलून ऋषिकेशच्या रुग्णालयात नेले. दुसऱ्याच दिवशी ते गेले. आपल्याकडे अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी काय घडले? मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या मनोज जरांगे यांना रुग्णालयात हलवायला पोलीस गेले आणि बायाबापड्यांवर लाठ्या पडल्या. काळजीचा शेवट असा होत असेल तर ती काळजी माणसाची नव्हती, मांडव रिकामा करण्याची होती. आणि या कामाला डॉक्टरांना जुंपणे आम्हाला सर्वांत संतापजनक वाटते. पोलिसांच्या पहाऱ्यात सलाइन लावणाऱ्या डॉक्टरवर पुढचा रुग्ण विश्वास कसा ठेवणार?

डल्लेवाल यांची मागणी औषधाची नव्हतीच. हमीभावाला कायद्याचा आधार द्या, एवढेच ते म्हणत होते. ते मागणे केंद्राकडे होते आणि त्यांना रुग्णालयात न हलवल्याबद्दल न्यायालयाच्या अवमानाची नोटीस मात्र पंजाबच्या मुख्य सचिवांना गेली. न्यायालयाला तारीख ठरवून द्यायचीच होती तर केंद्रीय कृषिमंत्र्यांना द्यायची होती: या तारखेच्या आत खनौरीला जा, त्या खाटेपाशी बसा आणि बोला.