जाळें कोणीं विणलें?

आवडत्या पुस्तकाचा चित्रपट झाला म्हणजे वाचक दोन मनांनीं चित्रगृहांत शिरतो. आपला नायक चालतांना-बोलतांना दिसणार म्हणून एक मन हरखतें. त्याची मोडतोड तर झाली नसेल ना, म्हणून दुसरें धास्तावतें. सॅम रायमी यांनीं दिग्दर्शित केलेला ‘स्पायडर-मॅन’ हा २००२ सालचा चित्रपट पाहावयास गेलों, तेव्हां आमची स्थिति अशीच होती.

ज्यांस ही चित्रकथा ठाऊक नाहीं, त्यांच्याकरितां थोडें सांगतों. स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनीं १९६२ सालीं ‘अमेझिंग फँटसी’ या अमेरिकन नियतकालिकाच्या १५ व्या अंकांत हा नायक प्रथम आणिला. पीटर पार्कर हा न्यूयॉर्क शहरांतील हायस्कुलांत शिकणारा पोरका मुलगा. चुलता बेन व चुलती मे यांनीं त्याचा सांभाळ केला. सोबती त्याची टर उडवीत. परंतु शास्त्रविषयांत त्याची बुद्धि तीव्र होती. किरणोत्सर्गानें बाधलेला एक कोळी त्यास चावला, आणि भिंतीवर चढण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं आलें. जाळें फेंकण्याची विद्या मात्र त्या कोळ्यानें दिली नव्हती! तो चिकट द्राव पीटरनें स्वतः सिद्ध केला, आणि तो सोडणारें मनगटावरील यंत्रही आपल्याच हातांनीं घडविलें.

चित्रपटांत नेमकें हेंच नाहींसें झालें. तेथें दंश झाल्यानंतर त्याच्या मनगटांतून तंतु आपोआप निघूं लागतात. शाळकरी पोरानें असा द्राव शोधून काढावा हें प्रेक्षकांस पटणार नाहीं, असा चित्रपटकारांचा विचार होता. ही वार्ता आधींच फुटल्यामुळें पुष्कळ जुने वाचक संतापले होते, आणि त्यांत आम्हीही होतों.

मनुष्य भिंतीवर चढतो हें ज्यांस पटतें, त्यांस विद्यार्थी प्रयोग करून यंत्र बनवितो हें कां पटूं नये? कोळ्याचा दंश ही दैवाची देणगी; यंत्र ही अभ्यासाची कमाई. चित्रकथेंत ऐन झुंजींत द्राव संपे, आणि पीटरला डोकें चालवावें लागे. आम्ही बाळपणीं तीं पानें वाचीत असूं, तेव्हां आपणांस तसला कोळी चावेल अशी आशा आम्हांस नव्हती. परंतु रसायनशास्त्राच्या तासास मन लावणें आमच्या हातीं होतें. सामान्य मुलास त्या वीराशीं जोडणारा धागा तो हाच.

तथापि न्यायानें बोलावयाचें, तर या चित्रपटानें कथेचें मर्म राखिलें आहे. पळणाऱ्या चोरास पीटर सहज अडवूं शकला असता. पण रागाच्या भरांत तो बाजूस सरतो, आणि त्याच चुकीचें प्रायश्चित्त त्यास चुलत्याच्या मृत्यूनें मिळतें. सामर्थ्याबरोबर जबाबदारी येते, हा मूळ कथेचा धडा तेथें पुसला गेलेला नाहीं. २००४ सालच्या दुसऱ्या भागांत मन खचल्यावर त्याचे तंतूही निघेनासे होतात. यंत्र असतें तर ही कल्पना साधली नसती, हेंही आम्ही कबूल करितों.

परंतु चित्रपटकारांची मूळ भीति व्यर्थ होती, हें पुढें दिसून आलें. २०१२ सालच्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या चित्रपटांत मनगटावरील यंत्र परत आलें. २०१७ सालच्या ‘होमकमिंग’मध्यें तर पीटर शाळेच्या प्रयोगशाळेंत गुपचूप तो द्राव करितांना दिसतो. (शिक्षकांनीं त्या दृश्याकडे कानाडोळा करावा, ही विनंति!)

आमचें मत इतकेंच, कीं चित्रपटकारानें पोशाख बदलावा, प्रसंग गाळावे, नवे घालावे. तो त्याचा अधिकार आहे. मात्र ज्या गुणाचें अनुकरण वाचक करूं शकतो, तो नायकापासून हिरावून घेऊं नये.

पालकांनीं मुलाच्या हातीं चित्रकथा दिसतांच ती हिसकावूं नये, “या वीरास काय मिळालें, आणि त्यानें स्वतः काय केलें?” एवढें त्यास विचारावें. विद्यार्थिमित्रांनींही चित्रपट पाहून आल्यावर मूळ कथा वाचावी, आणि हाच प्रश्न आपल्या मनास करावा.