होली क्रॉस भगिनींचा वारसा आणि वऱ्हाडातील लेकी

फ्रान्समधील शाव्हानो या खेड्यात मदर क्लोदिन एशेर्निए व फादर मेर्मिए यांनी १८३८ साली होली क्रॉस धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. गरीब, कष्टकरी मुली हा त्यांच्या सेवेचा केंद्रबिंदू होता. १८८६ मध्ये या भगिनी अमरावतीस आल्या. आज अमरावती-अकोल्यात त्यांची ओळख आहे ती शाळांमुळे. दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा राखण्याची शिक्षणहक्क कायद्याची सक्ती अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. संस्थांच्या स्वायत्ततेसाठी तो मोलाचाच. परंतु कायद्याने दिलेली सूट संस्थापिकेच्या प्रेरणेने दिलेली नाही. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या कापूसपट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकीला आपल्या वर्गात जागा मिळते काय, हीच या वारशाची खरी कसोटी होय.