कोड म्हणजे निकाल नव्हे

ऐन पावसाळ्यात मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिन, एबीएस आणि स्टीअरिंग असे तिन्ही दिवे एकदम लागले, की मालकाच्या पोटात गोळा येतो. त्यात गॅरेजमधून ‘ईसीएम गेला’ असा निर्वाळा मिळाला, तर खर्चाचा आकडा हजारांत जातो. नव्या ईसीएमचे कोडिंग करावे लागते, किल्लीच्या इमोबिलायझरशी त्याची जुळणी करावी लागते आणि एकदा बसविलेला विजेचा सुटा भाग दुकानदार सहसा परत घेत नाही.

स्कॅनरवर उमटणारा कोड ही केवळ तक्रार असते. यू०१०० या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनच्या नियंत्रकाकडून इतरांना संदेश मिळेनासा झाला. तो नियंत्रक निकामी झाला, त्याला वीजच पोहोचत नाही, की वाटेत तार तुटली, हे कोड सांगत नाही. फिर्यादीचा जबाब वाचून आरोपीला शिक्षा ठोठवावी, तसाच हा प्रकार!

प्रथम बॅटरी पाहावी. काही तास उभ्या असलेल्या गाडीत ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरताना दाब ९.६ च्याही खाली घसरत असेल, तर नियंत्रक अर्धवट जागे होतात आणि खोटेच कोड नोंदवून ठेवतात. त्यानंतर फ्यूज, आणि मग अर्थिंग. येथेच पुष्कळांची फसगत होते. दहा धाग्यांच्या तारेचा एकच धागा शाबूत असला, तरी मल्टिमीटर तार अखंड असल्याचे दाखवितो. प्रत्यक्ष भार मात्र त्या धाग्याला पेलवत नाही. म्हणून नियंत्रक चालू असतानाच त्याची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज मोजावे. ते ०.२ पेक्षा अधिक भरले, तर गंजलेला बोल्ट शोधावा.

नियंत्रकांचे परस्पर संभाषण कॅन नावाच्या दोन पिळलेल्या तारांवरून चालते. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात. बॅटरी सोडवून या तारांमध्ये मोजल्यास ६० च्या आसपास आकडा यावा. १२० आला तर एका टोकाचा संबंध तुटलेला असतो. शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. उंदरांनी कुरतडलेले आवरण किंवा कनेक्टरमधील हिरवट थर येथे सापडतो.

नियंत्रक कधी बिघडतच नाहीत, असे नव्हे. वीज, अर्थ आणि तारा या तिन्ही ठीक असूनही तो मुका राहिला, तर संशयाला जागा आहे. मालकाने ही मोजमापे लेखी मागावीत आणि जुना संच ताब्यात घ्यावा. त्याची दुरुस्ती करणारे कारागीरही असतात.