वायर तुटली की दूध तापतं

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या तोंडी 'लेगसी' हा शब्द साधारण शिवीसारखा येतो. जुना कोड, नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेला, डॉक्युमेंटेशन शून्य. मग 'फेका आणि नवीन लिहा' हे ठरलेलं औषध. कारखान्यातल्या कंट्रोल सिस्टीमला हा शब्द लावताना मात्र जरा जपून. तिथे वीस-पंचवीस वर्षांचा पीएलसी इमानेइतबारे चालू असतो, आणि बदलायची वेळ बहुतेकदा त्याच्या मेंदूवर येत नाही, कानांवर येते. कान म्हणजे अ‍ॅनालॉग इनपुट कार्ड.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टाकीवर, पाइपवर, बॉयलरवर ट्रान्समीटर बसवलेले असतात. ते तापमान, दाब, पातळी मोजतात आणि दोन वायरींवरून ४ ते २० मिलीअँपिअर करंटच्या रूपात कळवतात. ४ म्हणजे शून्य टक्के, २० म्हणजे शंभर टक्के. हा करंट पॅनेलमधल्या कार्डात शिरतो, कार्ड त्याचा आकडा बनवतं आणि तो आकडा पीएलसीच्या प्रोग्रॅमला मिळतो. बास, एवढंच काम.

आता शून्यासाठी ४ का, ० का नाही? कारण खरा ० म्हणजे वायर तुटली. 'टाकी रिकामी आहे' आणि 'टाकीबद्दल काहीच माहिती नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या लोकांनी करंटच्या पातळीवरच सोडवून टाकलंय. आपल्याकडे नल आणि शून्य यांच्यातल्या गोंधळावरून आजही प्रॉडक्शन पडतं! पुढे नामूर या युरोपियन संघटनेच्या एनई ४३ शिफारशीने ते आणखी नेमकं केलं: ३.८ ते २०.५ ही खरी मोजणी, ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलं तर ट्रान्समीटर स्वतः 'मी बिघडलोय' असं सांगतोय असं समजा.

तर ही कार्डं म्हातारी होतात. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हळूहळू सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. आता विदर्भातला मे महिना, बंद पॅनेल, आणि फिल्टर धुळीने गच्च झालेला पंखा डोळ्यासमोर आणा. पण कार्ड पूर्ण मेलं तर मी म्हणेन नशीब, कारण लाल दिवा लागतो, अलार्म येतो, माणूस धावतो. वाईट असतं ते सरकणारं कार्ड. आतला रेफरन्स व्होल्टेज जरासा ढळतो आणि ७२ चं ७३ दिसायला लागतं. अलार्म नाही, दिवा नाही. सगळं छान.

कंपन्या तरी किती वर्षं सांभाळणार? अ‍ॅलन ब्रॅडलीचा पीएलसी-५ रॉकवेलने २०१७ मधे बंद केला. सीमेन्सचा एस५ १९७९ चा, तो तर केव्हाच इतिहासजमा. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारा एस७-३०० सुद्धा ऑक्टोबर २०२३ पासून नियमित विक्रीतून निघाला, आता २०३३ पर्यंत फक्त स्पेअर म्हणून मिळणार. २०३३ म्हणजे फार लांब वाटतं ना? प्लँटवाल्यांच्या कॅलेंडरमधे ते परवा आहे.

मग सुरू होतो सेकंडहँड बाजार. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. आणि गुजरातेत भावनगर! अलंगला जहाजं तोडतात, त्यांच्या इंजिनरूममधली ऑटोमेशनची कार्डं भावनगरचे व्यापारी जगभर विकतात. मला या धंद्याबद्दल आदर आहे, अडल्यानडल्याला तोच उपयोगी पडतो. पण जहाजावरून उतरलेल्या कार्डाने किती खारी हवा खाल्लीय ते कुणीच सांगू शकत नाही. आणि 'आम्ही चार स्पेअर घेऊन कपाटात ठेवलेत' म्हणणाऱ्या मॅनेजरसाहेबांना नम्रपणे सांगावंसं वाटतं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कपाटात बसूनही खराब होतात.

दुसऱ्या टोकाला व्हेंडरचा सेल्समन. कार्ड जुनं झालं? मग सीपीयू बदला, नेटवर्क बदला, स्काडा बदला, जमलं तर डॅशबोर्ड क्लाउडवर टाकू. मला हे अजिबात पटत नाही. जे चालतंय आणि ज्याचं वागणं सगळ्यांना पाठ आहे ते एका शटडाउनमधे मुळापासून उपटणं म्हणजे शौर्य नव्हे. त्यापेक्षा रॉकवेलने पीएलसी-५ च्या जुन्या १७७१ कार्डांसाठी काढलेली कन्व्हर्जन किट बघा. जुन्या कार्डावरचा वायरींचा हात अख्खा काढून नव्या व्यवस्थेवर लावायचा, एकही वायर सोडायची नाही. ज्याने कुणी हे सुचवलं त्याने आयुष्यात कधीतरी रात्री दोन वाजता टॉर्च तोंडात धरून शेकडो वायरींवरचे फेरूल वाचले असणार.

पण वायरी जागच्या जागी राहिल्या म्हणजे काम झालं असं नाही. इथून पुढचा भाग आपल्या प्रांतातला आहे.

कार्ड आणि प्रोग्रॅम यांच्यात एक करार असतो, एपीआयसारखा. त्याचा अर्धा भाग सोपा. त्याच ४ ते २० मिलीअँपिअरचे एस५ मधे ५१२ ते २५६० होतात (आणि तेही तीन बिट डावीकडे सरकवून, खालच्या बिटांत स्टेटस भरून), एसएलसी ५०० च्या एका लोकप्रिय कार्डात ३२७७ ते १६३८४, एस७ मधे ० ते २७६४८. नवीन कार्ड लावलं आणि स्केलिंग बदलायचं राहिलं तर स्क्रीनवर काहीच्या काही आकडा येतो. हा बग मला आवडतो. तो ओरडतो, पहिल्या पाच मिनिटांत सापडतो.

न ओरडणारा बग कराराच्या दुसऱ्या भागात असतो: वायर तुटल्यावर कार्ड काय सांगतं?

डेअरीचं उदाहरण घेऊ. पाश्चरायझरमधे दूध किमान ७२ अंशांवर १५ सेकंद राहायला हवं. तापमान कमी पडलं तर डायव्हर्जन व्हॉल्व्ह ते दूध मागे वळवतो, पुढे पॅकिंगला जाऊ देत नाही. समजा ट्रान्समीटर ० ते १५० अंशांचा आहे, कार्ड एस७-३०० चं आहे आणि त्यात वायर-ब्रेक तपासणीचा चेकबॉक्स बंद आहे. वायर तुटली, करंट शून्य झाला, कार्डने -३२७६८ दिलं. स्केलिंगचा तयार ब्लॉक, एफसी १०५, मर्यादेबाहेरचा आकडा आला की तो किमान किंवा कमाल मर्यादेला आणून बसवतो. म्हणजे इथे ० अंश. प्रोग्रॅम म्हणतो दूध गार आहे, व्हॉल्व्ह वळतो. सगळे सुरक्षित.

आता जुनं कार्ड बदलायला एक हुशार, मेहनती, चांगल्या कॉलेजातला मुलगा येतो. त्याला तो रिकामा चेकबॉक्स दिसतो. वायर-ब्रेक डिटेक्शन बंद? हे कसलं इंजिनिअरिंग! तो टिक करतो. त्या टिकमुळे, वायर तुटली की कार्ड -३२७६८ ऐवजी ३२७६७ देतं. एफसी १०५ त्याला सभ्यपणे कमाल मर्यादेवर आणतो. स्क्रीनवर १५०.० अंश. ७२ पेक्षा जास्त आहे? आहे. दूध पुढे. कच्चं.

ब्लॉक एरर कोडही देतो, कार्ड डायग्नोस्टिक अलार्मही देतं, हे खरं. पण तो एरर कोड वाचणारी ओळ प्रोग्रॅममधे हवी ना! ती कुणी लिहिली नव्हती, कारण जुन्या सेटिंगमधे तिची गरजच पडत नव्हती. (चांगल्या डेअरीत यासाठी पीएलसीपेक्षा वेगळं, स्वतंत्र संरक्षण असायला हवं. ते आहे का आणि चालतं का हे विचारायला हीच वेळ बरी.) नवीन सीपीयूवर नॉर्म-एक्स आणि स्केल-एक्स वापरले तर उत्तर आणखी वेगळं, सुमारे १७७.८ अंश, कारण तिथे मर्यादेला कापणारं कुणी नाही. तीच वायर, तोच ट्रान्समीटर, आणि तीन वेगळी सत्यं. सुरक्षितता वाढवणारी टिक इथे सुरक्षितता घालवते, आणि चाचणीच्या दिवशी सगळं हिरवं दिसतं, कारण चाचणीत वायर कुणी काढलेलीच नसते.

ज्यांना हे फारच काल्पनिक वाटतंय त्यांनी टेक्सास सिटीच्या रिफायनरीतला २३ मार्च २००५ चा स्फोट वाचावा. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. तिथे दोष इनपुट कार्डाचा नव्हता, पण आकडा तसाच सभ्य होता. टॉवरमधली पातळी १५० फुटांच्या वर चढत असताना, तळाचा काही फुटांचाच भाग बघणारा ट्रान्समीटर पातळी उतरत असल्याचं दाखवत राहिला. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत निघालं की त्याचं कॅलिब्रेशन १९७५ च्या डेटाशीटवर बेतलेलं होतं. स्क्रीनवर अविश्वसनीय असं काही नव्हतं, म्हणून कुणी अविश्वास दाखवला नाही.

बाकीच्या भानगडी पटकन सांगतो. सीमेन्सच्या एसएम ३३१ कार्डाच्या बाजूला छोटे प्लॅस्टिकचे ठोकळे असतात, ते स्क्रूड्रायव्हरने उचकटून फिरवायचे: टू-वायर ट्रान्समीटरला डी, फोर-वायरला सी. म्हणजे कॉन्फिगरेशनचा एक भाग चक्क प्लॅस्टिकमधे. गिटमधे येत नाही तो :)

मग फिल्टर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कार्डाने २० मिलिसेकंदांची सरासरी घेतली की विजेचा गुणगुणाट आपोआप कटतो. जुनं कार्ड संथ होतं, हे काम न सांगता करायचं. नवीन कार्ड चपळ. त्यात फिल्टर ६० हर्ट्झचा ठेवला किंवा बंद केला, की आकडा थरथरतो, पीआयडीमधला डेरिव्हेटिव्ह त्या थरथरीवर नाचतो आणि बिचारा व्हॉल्व्ह दिवसभर थडथडतो. शेवटी ऑपरेटर वैतागून लूप मॅन्युअलवर टाकतो. असे 'तात्पुरते' मॅन्युअलवर टाकलेले लूप वर्षानुवर्षं तसेच राहतात.

म्हणून माझं मत असं आहे की या कामाचं कोटेशनच चुकीचं बनतं. त्यात कार्डाची किंमत असते, एक वीकएंडचं शटडाउन असतं, आणि 'टेस्टिंग व कमिशनिंग' अशी एक ओळ. घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री त्या ओळीला. खरं तर खर्च तिथेच व्हायला हवा. प्रत्येक चॅनेलला फील्डच्या टोकापासून (पॅनेलमधून नव्हे!) कॅलिब्रेटर लावून ४, ८, १२, १६, २० मिलीअँपिअर द्या, स्क्रीनवरचा आकडा लिहा. मग वायर काढा आणि बघा: आकडा कुठे गेला, कुठला पंप सुरू झाला, कुठला व्हॉल्व्ह हलला. हे सगळं एकदा जुनं कार्ड जिवंत असताना करा आणि नंतर नव्यावर. मायकेल फेदर्सने २००४ च्या आपल्या पुस्तकात लेगसी कोडसाठी कॅरॅक्टरायझेशन टेस्ट सांगितल्या, त्या याच. कोडने काय करायला हवं ते नाही, तो आज काय करतो ते आधी नोंदवा. मेलेलं कार्ड प्रश्नांची उत्तरं देत नाही, म्हणून ते मरायची वाट बघणं हा माझ्या मते यातला सगळ्यात महागडा पर्याय.

'एवढा वेळ प्लँट बंद कोण ठेवणार?' हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. बारा महिने चालणाऱ्या केमिकल प्लँटमधे हे काम तुकड्या-तुकड्यांनी, एकेका चॅनेलला बायपास घेऊनच करावं लागतं. आपल्या साखर कारखान्यांना मात्र ही सबब नाही. गळीत हंगाम संपल्यापासून पुढच्या मोळीपूजनापर्यंत कित्येक महिने हातात असतात. तरीही कार्डं बदलायची आठवण बॉयलर पेटवायच्या आठवड्यात होते, पावसाळाभर बंद पॅनेलमधे दमट हवा खाऊन झाल्यावर.

एका कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंटच्या काकांकडे एक डायरी आहे. कुठल्या टॅगची वायर काढली की काय होतं, ते त्यांनी त्यात वर्षानुवर्षं टिपून ठेवलंय. एका लेव्हल ट्रान्समीटरपुढे लिहिलंय: 'चालू प्लँटमधे काढू नये, ड्रेन पंप सुरू होतो. दोन वेळा बघितले.' ड्रॉइंगमधे हे नाही, प्रोग्रॅमच्या कॉमेंटमधे नाही, आणि नवीन कार्डांच्या कोटेशनमधे तर नाहीच नाही. काका मार्चमधे रिटायर होतायत. डायरीच्या पानांचे फोटो काढून पाठव म्हणून तिथल्या ट्रेनी मुलाच्या मागे लागलोय, आत्तापर्यंत निम्मीच पानं आलीयेत.