बीगल : सौम्यपणाची किंमत

जीवंधरकुमाराची कथा श्रावकांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. यज्ञासाठी ठेवलेल्या अन्नाला तोंड लावले म्हणून बेदम मार खाल्लेला एक कुत्रा अखेरच्या घटका मोजत पडला होता. कुमाराने त्याला णमोकार मंत्र ऐकविला आणि तो जीव पुढे सुदर्शन नावाचा यक्षेंद्र झाला. या कथेत मंत्राचा महिमा आहे, तसाच आणखी एक बोध आहे. त्या मुक्या जीवाचा अपराध त्याच्या स्वभावाखेरीज दुसरा कोणताही नव्हता. नाक नेईल तिकडे कुत्रा जातो. बीगल या श्वानवंशाचा इतिहासही असाच स्वभावापायी भोगाव्या लागलेल्या शिक्षेचा आहे, आणि त्यातील काही पाने व्यापारी कुटुंबांनी आवर्जून वाचावीत अशी आहेत.

जैन शास्त्राने संसारी जीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येवरून केली आहे. स्पर्शन आणि रसन यांनंतरचे तिसरे इंद्रिय घ्राण. ते मुंगीलाही लाभलेले असते. कुत्रा हा पाच इंद्रिये आणि मन असलेला, म्हणजेच संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच. तरीही त्याचे जग डोळ्यांपेक्षा नाकाने अधिक भरलेले असते. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख मानल्या जातात. बीगलच्या नाकात त्या २० कोटींहून अधिक असतात. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी एक एकराच्या मैदानात उंदीर सोडून निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांना त्याच्या शोधास लावले होते. फॉक्स टेरियर जातीच्या कुत्र्यांना सुमारे पाव तास लागला, स्कॉटिश टेरियरना तो सापडलाच नाही. बीगलनी मात्र एका मिनिटाच्या आत त्याचा माग काढला.

हे नाक घडविले गेले ते सशाच्या शिकारीसाठी. ही रीत फार प्राचीन. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याच्या नावावर तिच्याविषयीचा ग्रंथ आहे. इंग्लंडमध्ये शिकारी पायी चालत आणि पुढे ठेंगण्या कुत्र्यांचा कळप वास घेत धावे. १८३० च्या दशकात एसेक्स परगण्यातील धर्मोपदेशक फिलिप हनीवुड यांनी असा एक निवडक कळप बाळगला. आजच्या बीगलचा वंश बहुतांशी त्या कळपापासून मानला जातो. १८९० मध्ये तेथे बीगल क्लब स्थापन झाला. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात ज्या जहाजातून जगप्रदक्षिणेस गेला, त्याचे नावही बीगलच होते. नातवंडांच्या ओळखीचा चित्रकथेतील स्नूपी हाही बीगलच. कुत्र्यांकरवी सशाची व कोल्ह्याची शिकार करण्यास इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली. ज्या कामासाठी हा वंश निर्माण केला गेला, ते काम त्याच्या मायभूमीतच अपराध ठरले.

परंतु कळपातील त्या जीवनाने बीगलला एक अनमोल गुण दिला होता. दहावीस सोबत्यांसह राहायचे तर भांडखोरपणा चालत नाही. त्यामुळे तो मुलांशी, अन्य कुत्र्यांशी, इतकेच नव्हे तर अनोळखी माणसांशीही सहज मैत्री करतो. राखणदार म्हणून म्हणूनच त्याचा फारसा उपयोग नाही. दोषही आहेत. तो खादाड आहे. एकदा वासाच्या मागे लागला की धन्याची हाक त्याच्या कानी पोहोचत नाही. एकटा ठेवला तर लांब हेल काढून असा आक्रोश करतो की शेजारी तक्रार घेऊन येतात.

या नाकाचा एक सुंदर उपयोग अमेरिकेने शोधला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तेथील कृषी विभागाने बीगल नेमले. परदेशातून येणाऱ्या सामानात फळे किंवा मांस असेल, तर त्यांवाटे कीड आणि रोग देशात शिरू नयेत, हा हेतू. हिरवा अंगरखा घातलेला छोटा कुत्रा सामान हुंगत फिरतो आणि संशय येताच त्या पिशवीजवळ शांत बसतो. आकाराने लहान आणि चेहऱ्याने प्रेमळ असल्यामुळे प्रवासी घाबरत नाहीत. त्याला प्रारंभी ज्या वासांची ओळख करून देतात, त्यांत आंब्याचाही वास असतो. मुलांना भेटायला निघालेल्या आईवडिलांनी सामानात दडविलेला हापूस त्याच्या नाकातून सुटणे कठीण! या पथकांतील अनेक कुत्रे निराश्रित प्राण्यांच्या आश्रयस्थानांतून आलेले असतात.

दुसरा उपयोग मात्र दुःखद आहे. औषधे, रसायने आणि कीटकनाशके यांची विषारीपणाची चाचणी ज्या कुत्र्यांवर होते, त्यांत बहुतेक बीगल असतात. याचे कारण त्याचे नाक नव्हे, त्याचा स्वभाव. तो आकाराने आटोपशीर आहे, अनेक जण शेजारी शेजारी ठेवले तरी भांडत नाही आणि ज्या हाताने सुई टोचली, त्याच हाताजवळ पुन्हा शेपूट हलवीत येतो. १९७५ मध्ये इंग्लंडच्या एका वृत्तपत्राने तोंडावर मुखवटे बांधून सिगारेटचा धूर ओढावयास लावलेल्या बीगलची छायाचित्रे छापली, तेव्हा सारा देश हादरला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रयोगशाळांसाठी कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका केंद्रातून सुमारे ४,००० बीगल मुक्त करून घरोघरी देण्यात आले. आपल्याकडे बंगळूरमध्येही प्रयोगशाळेतून सुटलेल्या बीगलना कुटुंबांनी आसरा दिला आहे. आयुष्य पिंजऱ्यात गेलेल्या अशा कुत्र्यांना गवतावर पाय ठेवण्याचीही भीती वाटते.

तत्त्वार्थसूत्राने अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पिंजऱ्यातील बीगलच्या वाट्याला यांतील किती येतात, हे प्रत्येकाने स्वतः मोजावे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे पंधरा व्यवसाय सांगितले. त्यांपैकी असतीपोषणात पोपट, मैना, मांजर, कोंबडा यांच्या बरोबर कुत्राही पैशासाठी पोसणे निषिद्ध मानले आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा निषेध आजच्या पैदास केंद्रांना तंतोतंत लागू पडतो.

मग दुकानदाराने काय करावे? औषधांचा प्रश्न कठीण आहे. रुग्णाने औषध टाकून द्यावे असे कोणीही म्हणणार नाही. तेथेही वाट मोकळी होत आहे. नव्या औषधांसाठी प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना भारताने २०२३ मध्ये नियमांत स्थान दिले. सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत तर निमित्तच उरलेले नाही. त्यांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे आणि त्याच वर्षी तशी चाचणी झालेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी आली. माल मागविताना किंमत, मुदत आणि सवलत यांची चौकशी होतेच. त्यांत चाचणीविषयीचा एक प्रश्न वाढविला तर व्यवहारात काही घट येत नाही.

घरात मुलांनी बीगलचा हट्ट धरला तर विकत आणण्याऐवजी निराश्रित कुत्र्याला घर द्यावे. रोज लांब फिरविणे, सोबत देणे आणि बारा-पंधरा वर्षे सांभाळणे शक्य असेल तरच. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासमान. जैन स्वयंपाकघरात ते नसतातच. परंतु मनुका, द्राक्षे आणि चॉकलेटही तितकीच घातक, हे लक्षात असावे. शाकाहारावर ठेवायचे असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने संतुलित आहार आखावा. नुसत्या दूध-पोळीवर कुत्रा निरोगी राहत नाही, आणि उपाशी ठेवणे हा अतिचारच आहे.

क्षमावाणीच्या दिवशी सर्व जीवांना क्षमा मागितली जाते. बीगल न मागताच क्षमा करतो. म्हणूनच त्याला पिंजऱ्यात कोंडणे सोपे जाते. दुसऱ्याचा सौम्यपणा ही आपली सोय नव्हे, ती आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. आणि ठेव कशी सांभाळावी, हे व्यापारी घराण्याला कोणी शिकवावे लागत नाही.