किनाऱ्याच्या सहलीला बोटीनेच जा



सुट्टी आली की उत्तन, गोराई, मनोरीकडे मोटारींची रीघ लागते आणि ती सगळी आमच्या मोरव्यातून जाते. धारावी बेटावर (मुंबईतली धारावी वेगळी) मोटार न्यायची तर दुसरा रस्ताच नाही. भाईंदर पश्चिम, मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी, मग उत्तन. रस्ता गावातला, दोन्ही बाजूंना घरांचे ओटे. रविवारी सकाळी बस आणि मोठी मोटार समोरासमोर आली की दोघेही आरसे मिटतात, कोणीतरी खाली उतरून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत हात हलवतो आणि मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू होतो. मासळीच्या पाट्या घेऊन भाईंदरच्या बाजाराला निघालेल्या उत्तनच्या कोळणी त्या बसमध्ये अडकून बसतात. त्यांचा उशीर म्हणजे मासळीचा पडलेला भाव.

या पाहुण्यांना आमचा विरोध नाही. त्यांनी जरूर यावे, वलांड्यांवर सुकणारे बोंबील पाहावेत, ताजी मासळी घ्यावी. पण घरची मोटार काढली की वेळ वाचतो, ही समजूत निदान या किनाऱ्यापुरती साफ चुकीची आहे.

बोरिवलीकराला गोराई गाव खाडीपलीकडे दिसते. फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे पाय ठेवता येतो. तोच माणूस मोटारीने निघाला की दहिसर, मीरा रोड, भाईंदर करत अख्ख्या खाडीला वळसा घालतो आणि मग आमच्या गावात अडकतो. मालाडकरांसाठी मार्वे-मनोरी बोट आहे. दोन्हीकडे दुचाकीही नेता येते.

वसईचे उदाहरण तर याहून बोलके. रस्त्याने भाईंदर ते वसई सुमारे पस्तीस किलोमीटर, पाण्यावरून जेमतेम साडेतीन. फेब्रुवारी २०२४ पासून येथे रो-रो बोट सुरू झाली आहे, तिच्यात मोटारही चढते. १७३९ साली मराठी फौजेने खाडीच्या अलीकडची धारावी आधी घेतली आणि मग चिमाजी अप्पांनी वसई सर केली. चौकचा धारावी किल्ला आणि वसईचा किल्ला एकाच दिवसात पाहण्याची सोय आज या बोटीने झाली आहे. मुलांना हा इतिहास खाडी ओलांडताना जितका कळेल, तितका महामार्गाच्या कोंडीत बसून कळणार नाही.

कोकणात फिरणाऱ्यांना हे गणित ठाऊक आहे. दापोलीहून गुहागरला जाणारा दाभोळ-धोपावे बोट धरतो, हरिहरेश्वरहून केळशीकडे जाणारा बागमांडला-वेशवी. मांडव्याला जाणारी मंडळीही भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रोने मोटारीसकट जातात. जिथे खाड्या आहेत, तिथे नकाशावरचे अंतर पाहून प्रवास ठरवला तर निम्मी सुट्टी वळशातच जाते.

यावर उत्तर ठरलेले असते: लहान मुले आहेत, म्हातारी माणसे आहेत, सामान आहे, पलीकडे उतरल्यावर वाहन कुठे शोधायचे? ही अडचण खरी आहे. दुपारच्या उन्हात धक्क्यावर तान्हे मूल घेऊन कोणी ताटकळत उभे राहावे, असे मी म्हणणार नाही. पण तिच्यावरचा इलाज रस्त्यावर आणखी मोटारी आणणे हा असू शकत नाही. धक्क्यापाशी सावली आणि पिण्याचे पाणी हवे, बोट लागताच सुटणारी बस हवी, शेअर रिक्षाचे दर लिहिलेला फलक हवा. उत्तन-विरार सागरी सेतू व्हायचा तेव्हा होईल. या गोष्टींना सेतूइतका पैसा लागत नाही आणि तितकी वर्षेही लागत नाहीत.

मीरा-भाईंदर महापालिका आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांना विनंती आहे की बोटींच्या वेळा भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेला मोठ्या मराठी फलकावर लावाव्यात, भरती-ओहोटीमुळे वा पावसाळ्यात फेऱ्या बदलल्या तर तेही तिथेच कळवावे आणि शनिवार-रविवारी स्थानकाहून उत्तन व चौकला जाणाऱ्या बस वाढवाव्यात. वाचकांनाही सांगणे आहे की पुढच्या सुट्टीत गोराई-उत्तनला येताना मोटार घरी ठेवा आणि बोटीने या.

— एक रहिवासी, मोरवा, भाईंदर (पश्चिम)