नासलेली पिशवी आणि गेलेला जीव

उन्हाळ्याच्या सुट्टीत रक्तपेढ्यांतील साठा आटला की शासनाचे आवाहन निघते, शिबिरे भरतात आणि विषय मागे पडतो. रक्ताचा प्रश्न हा दात्यांचा प्रश्न आहे, असा समज त्यातून रूढ झाला आहे. तो अर्धसत्य आहे. स्वेच्छा रक्तदानात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. तथापि महामार्गावर जखमी झालेल्यास पहिल्या तासात रक्त मिळेलच, अशी हमी येथेही कोणी देऊ शकत नाही. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होती.

मोठ्या रक्तस्रावात केवळ सलाईन देत राहिल्यास उरलेले रक्त पातळ होते, शरीर गार पडते आणि रक्त गोठण्याची क्रियाच मंदावते. म्हणून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट योग्य प्रमाणात व लवकर द्यावेत, हे आता मान्य झाले आहे. भारतासह ४० देशांतील २० हजारांवर जखमींच्या चाचणीने २०१० साली दाखवून दिले की, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध वेळेत दिल्यास मृत्यू घटतात. मात्र तीन तास उलटल्यावर तो लाभ उरत नाही. सारांश, येथे ‘किती’ इतकाच ‘केव्हा’ हाही प्रश्न आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. ती सर्वथा रास्त होती. रिचर्ड टिटमस यांनी १९७० सालीच प्रतिपादन केले होते की, विकतच्या रक्तापेक्षा दानाचे रक्त अधिक सुरक्षित असते. परंतु बाजार बंद केला म्हणजे खर्च संपत नाही. तो कोणी सोसायचा एवढेच बदलते. रक्त तपासणे, साठवणे, वाहून नेणे आणि त्यातील काही वाया जाणे, या सर्वांना किंमत आहे. आज तिचा मोठा भाग जखमीच्या नातेवाइकांवर पडतो. नमुन्याची बाटली घेऊन जिल्ह्याच्या गावी धावायचे त्यांनीच, आणि पिशवीच्या बदल्यात दाता उभा करायचा तोही त्यांनीच.

ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत रक्तसाठा केंद्रे काढण्याची मुभा २००१ पासून आहे. तरीही अनेक केंद्रांत भरवशाचा साठा नसतो. याचे कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. तांबड्या पेशी विशेष द्रावणातही ४२ दिवसच टिकतात, आणि लहान गावातील मागणी अनिश्चित असते. मुदत संपलेल्या पिशवीची नोंद होते, तिचा जाब विचारला जातो. रक्ताअभावी गेलेला जीव मात्र अपघाताच्या खात्यावर पडतो. त्याचा जाब कोणी विचारत नाही. अशा स्थितीत साठा कमी ठेवणे हेच अधिकाऱ्याला शहाणपणाचे वाटले, तर दोष त्याच्या वृत्तीचा नव्हे, पद्धतीचा आहे.

अग्निशामक बंब दिवसभर उभा राहिला म्हणून कोणी त्याला उधळपट्टी म्हणत नाही. महामार्गालगतच्या निवडक रुग्णालयांतील रक्ताकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. तेथे मुख्यतः ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशी सदैव असाव्यात. मुदतीचे दोन-तीन आठवडे उरले की, शीतसाखळी सांभाळून, त्या पिशव्या रोज खप असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे वळवाव्यात, म्हणजे नासाडी आपोआप घटेल. उरलेली शासनाने खर्च म्हणून उघडपणे मान्य करावी. तंत्रज्ञ चोवीस तास हवा, आणि बदली दात्याची अट तातडीच्या वेळी कटाक्षाने वगळावी.

प्लेटलेट पाचच दिवस टिकत असल्याने संपूर्ण उपचार तालुक्याला होणार नाहीत, हे खरे. परंतु जखमीला मोठ्या रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचवणे तेथे शक्य आहे. दात्याने आपले कर्तव्य केले आहे. ते रक्त गरजेच्या ठिकाणी आधीच पोहोचलेले असणे, ही जबाबदारी शासनाची आहे.